हांसविणारा वायु आणि मोटारीचें इंजिन



गेल्या हिवाळ्यांत माझा भाचा अमेरिकेहून घरीं आला, तेव्हां त्यानें माझ्या हातांत एक वस्तु ठेवली. ती होती मोटारीच्या इंजिनांतील दट्ट्या, म्हणजे पिस्टन. त्याच्या माथ्यावर रुपयाएवढें भोंक पडलें होतें आणि कडा मेणासारख्या ओघळल्या होत्या. "मामा, सहा सेकंदांत हें झालें," तो म्हणाला. मीं त्याला चार शब्द सुनावून शर्यतीच्या या नादापासून परावृत्त करावें, अशी माझ्या बहिणीची इच्छा होती. परंतु जन्मभर मास्तरकी केलेल्या मनुष्यास विषय समजून घेतल्यावांचून उपदेश करण्याची लाज वाटते. म्हणून मीं त्यालाच शिक्षक केलें. त्यानें शिकविलें तें आज आपणांपुढें मांडतों.

दट्ट्या वितळविणारा तो वायु म्हणजे नायट्रस ऑक्साइड. प्रीस्टले या इंग्रज शास्त्रज्ञानें १७७२ सालीं तो तयार केला. पुढें हम्फ्री डेव्हीनें तो स्वतः हुंगून पाहिला आणि "हांसविणारा वायु" हें नांव रूढ झालें. दुसऱ्या महायुद्धांत अतिउंचावरील विरळ हवेंत जर्मन विमानांच्या इंजिनांना तो पुरविण्यांत आला. ब्रिटिशांच्या कांहीं मॉस्किटो विमानांतही तो होता. आज अमेरिकेंत पाव मैलाच्या सरळ शर्यतींत त्याचा मोठा उपयोग होतो.

याचें मर्म साधें आहे. इंजिनांत पेट्रोल वाटेल तितकें ओततां येतें. पण तें जाळावयास प्राणवायु हवा, आणि तो हवेंत वजनानें सुमारें २३ टक्केच असतो. नायट्रस ऑक्साइडमध्यें तो ३६ टक्के असतो. तप्त नळकांड्यांत हा वायु फुटून प्राणवायु मोकळा होतो. शिवाय बाटलींतील द्रव बाहेर पडून वायुरूप होतांना कमालीचा थंड होतो, त्यामुळें आंत शिरणारी हवाही गार व दाट होते. ध्यानांत ठेवावें, हा वायु स्वतः जळत नाहीं. तो दुसऱ्यास जाळतो.

मग भोंक कां पडलें? एक भाग पेट्रोल जाळण्यास सुमारें पंधरा भाग हवा लागते; नायट्रस ऑक्साइडचे मात्र साडेनऊ भाग पुरतात. अर्थात् वायु सोडतांक्षणींच त्या हिशेबानें जादा पेट्रोलही पोंचलें पाहिजे. भाच्याचा पेट्रोलचा पंप दुबळा होता. पेट्रोल कमी पडलें, ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहतां मिश्रण आपोआप पेट घेऊं लागलें, आणि ६६० अंशांवर वितळणारें अॅल्युमिनियम ओघळलें. वायूनें दगा दिला नाहीं, हिशेब चुकला.

म्हणून पहिला नियम असा कीं, आधीं पेट्रोल, मग वायु. पंप जोरकस असावा, आणि पेट्रोलचा दाब घसरतांच वायु आपोआप बंद करणारी कळ असावी. दुसरा नियम म्हणजे थ्रॉटल पूर्ण उघडा असून इंजिनाचे फेरे मिनिटाला सुमारें ३,००० च्या पुढें गेल्यावरच वायु सोडावा. त्याआधीं सोडल्यास हवेच्या नळींत मिश्रण सांचतें आणि उलट भडका उडून नळी फुटते. तिसरा नियम ठिणगीचा. मिश्रण त्वरेनें जळत असल्यामुळें ठिणगी उशिरां पडावी. दर पन्नास अश्वशक्तीमागें सुमारें दोन अंश, हा कारागिरांचा ठोकताळा आहे. पेट्रोल उच्च ऑक्टेनचें घ्यावें, आणि आरंभ पन्नास अश्वशक्तीपासूनच करावा.

बाटलीचें प्रकरण याहून नाजुक आहे. वीस अंश सेल्सिअसला तिच्यांत हवेच्या दाबाच्या सुमारें पन्नासपट दाब असतो. ३६.४ अंशांच्या वर तर द्रव आणि वायु हा भेदच उरत नाहीं, आणि भरलेल्या बाटलींतील दाब झपाट्यानें चढतो. आपल्या विदर्भांतील वैशाखांत बंद मोटारीची पेटी याहून किती तरी तापते! म्हणून जादा दाबानें फुटणारी सुरक्षा-चकती बाटलीवर असलीच पाहिजे, आणि तिच्यांतून सुटलेला वायु नळीनें मोटारीबाहेर काढलेला असावा. बाटली ज्योतीनें कधींही तापवूं नये. जोडांना तेल वा ग्रीस लावूं नये. मोटारीसाठीं विकल्या जाणाऱ्या या वायूंत बहुधा थोडा सल्फर डायऑक्साइड मिसळलेला असतो, तो कोणी हुंगूं नये म्हणूनच. वारंवार हुंगल्यास ब१२ जीवनसत्त्व निकामी होऊन मज्जातंतू बिघडतात.

आणि रस्ता ही शर्यतीची जागा नव्हे. आपल्याकडे तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नें वाहनाच्या मूळ रचनेंत मनास येईल तसे फेरफार करण्यास मनाई आहे.

भाच्यानें नाद सोडला नाहीं. पण परवां त्यानें लिहिलें, "मामा, काल दाबमापकाचा कांटा डळमळला. मीं शर्यत न करतांच गाडी परत आणली. मित्र हांसले." तें वाचून मला परीक्षेचा निकाल लागल्यासारखें वाटलें. माझी बहीण अजून समाधान पावलेली नाहीं, आणि तिचें चुकतें असेंही मी म्हणणार नाहीं. तो वितळलेला दट्ट्या माझ्या टेबलावर कागद दाबून बसला आहे. शक्ति मागण्यापूर्वीं तिचा हिशेब मांडावा, एवढें तो मला रोज सांगतो.