ज्या धड्याची धास्ती वाटते

आज विज्ञानाचे शिक्षक म्हणून बाहेर पडणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,



तुमच्यापैकी कुणी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, कुणी रसायनशास्त्र, कुणी प्राणिशास्त्र. शाळेच्या वेळापत्रकावर मात्र एकच शब्द असतो : विज्ञान. दहावीच्या पुस्तकाचे दोन भाग आहेत, म्हणून स्टाफरूममध्ये सोयीची वाटणी होते. पहिला भाग भौतिक-रसायनवाल्यांचा, दुसरा जीवशास्त्रवाल्यांचा. पण पुस्तक ही वाटणी जुमानत नाही. पहिल्या भागातल्या भिंगांच्या धड्यात मानवी डोळा येतो, आणि दुसऱ्या भागात ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ जाताना टर्बाइन आणि जनित्र वाटेत उभी असतात. लहान शाळेत तर वाटणीचा प्रश्नच नसतो. सगळं एकट्याच्याच गळ्यात.

मग काय होतं? आवडत्या धड्याला तासिका पुरत नाहीत आणि धास्तीचा धडा एका तासिकेत वाचून संपतो. प्रयोग वेळेअभावी राहतो. शंका विचारणाऱ्याला ‘ते परीक्षेला नाही’ असं सांगून बसवलं जातं. बाईंना किंवा सरांना कोणता धडा नकोसा आहे, हे वर्गाला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. मग तो मुलांनाही नकोसा होतो.

अशा वेळी पाहुण्यानं ‘आत्मविश्वास बाळगा’ म्हणायची रीत आहे. पण मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्येच या सल्ल्यातली हवा काढून घेतली. ‘हे मला जमेल’ हा विश्वास कुठून येतो, याचा विचार करताना त्यांनी स्वतः करून जमल्याच्या अनुभवाला सर्वांत वरचं स्थान दिलं. दुसऱ्यानं शब्दांनी दिलेला धीर त्यापुढे दुबळा. तेव्हा माझ्या भाषणावर फार विसंबू नका.

विसंबायचं तर मध्य प्रदेशातल्या तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्याच्या अनुभवावर विसंबा. तिथे १९७२ मध्ये सोळा उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. मुलं पुढे जे प्रयोग करणार, तेच शिक्षक प्रशिक्षणात आधी गटागटानं करत. नंतर मासिक बैठकांत वर्गातल्या अडचणी मांडत. धीर यायचा तो हात चालवल्यानं आणि सोबतीनं.

तुमचा मूळ विषयही इथे आड येत नाही, उलट दार उघडतो. उष्णतेच्या धड्यातलं पाण्याचं असंगत आचरण घ्या. प्राणिशास्त्राच्या पदवीधराला ते दाखवणाऱ्या होपच्या उपकरणाची धास्ती वाटत असेल. पण तळ्यावर बर्फ धरलेला असताना खाली मासे कसे जगतात, हा प्रश्न त्याच्याइतक्या जिवंतपणे कोण विचारील? पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते. ते पाणी तळाशी राहतं, बर्फ हलका म्हणून वर तरंगतो आणि खालच्या पाण्याला थंडीपासून आडोसा देतो. प्रश्न जीवशास्त्राचा, उत्तर भौतिकशास्त्राचं आणि तास एकच. एकात्मिक विज्ञान म्हणतात ते हेच.

म्हणून जूनमध्ये नवं पुस्तक हाती आलं की आधी तो नकोसा धडा उघडा. त्यातला प्रयोग शाळा सुटल्यावर रिकाम्या प्रयोगशाळेत एकट्यानं करून पाहा. फसला तर का फसला ते शोधा, कारण वर्गात नेमकं तेच विचारलं जाईल. तो विषय जाणणाऱ्या सहकाऱ्याच्या तासाला मागच्या बाकावर बसा आणि त्यालाही तुमच्या तासाला बोलवा. उत्तर येत नसेल तर ‘उद्या सांगतो’ म्हणा. मात्र मुलानं आठवण करून देण्याआधी सांगा.

मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी विचारतील, ‘कोणता भाग घेता?’ त्यांना सांगा, ‘दोन्ही.’