टाकळी ढोकेश्वरचा ‘आजोबा’
(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



बिबट्याचा विषय निघाला की आपल्या सभेतून एकच मागणी पुढे येते : पिंजरा लावा आणि त्याला दूर नेऊन सोडा. ज्यांच्या गोठ्यातील वासरू गेले, ज्यांच्या घरातील माणूस गेले, त्यांनी दुसरे काय म्हणावे? तरीही या मागणीची पारख ज्यांनी रानोमाळ हिंडून केली, त्या प्राणिशास्त्रज्ञ डॉ. विद्या अत्रेय यांच्या कार्याविषयी आज बोलावयाचे आहे.

त्यांनी प्रथम शेजारच्या जुन्नर भागातील नोंदी तपासल्या. तेथे १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ पासून बिबटे धरून अन्यत्र सोडण्याची मोहीम झाली आणि हा आकडा १७ वर गेला. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते. उपायानेच दुखणे वाढविले, असा निष्कर्ष निघाला. हे सांगताना मला संकोच वाटतो. किती बिबटे ‘जेरबंद’ झाले, एवढ्यावरच यश मोजणारी वृत्ते मीही लिहिली आहेत.

पुढे त्यांनी आपल्या अकोले तालुक्यात, उसाच्या फडांमधून व बांधांवरून स्वयंचलित कॅमेरे लावले. जंगल नाही आणि दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे, असा तो टापू. तेथे दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले आणि जवळजवळ तितकीच तरसे! विष्ठेच्या तपासणीवरून कळले, की या बिबट्यांचे मुख्य भक्ष्य म्हणजे गावातील कुत्री. शेळ्यांचा वाटा त्या मानाने बराच कमी. गावकरी झोपेत असता हे शेजारी बांधावरून निमूट ये-जा करीत होते.

आणि मग तो आजोबा. २००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे एक बिबट्या विहिरीत पडला. त्यास बाहेर काढल्यावर त्याच्या गळ्यात उपग्रहामार्फत ठावठिकाणा कळविणारा पट्टा बांधण्यात आला. त्याच्या शांत, पोक्त वृत्तीमुळे नाव पडले ‘आजोबा’. त्याला माळशेज घाटात सोडले. तेथील जंगलात तो राहिला नाही. कसाऱ्याजवळ लोहमार्ग, पुढे महामार्ग ओलांडून, वसईची खाडी पोहून, सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. बहुधा तेच त्याचे मूळ घर असावे, असा संशोधकांचा तर्क आहे. एवढ्या दाट वस्तीतून जाताना त्याने कोणाला इजा केल्याची नोंद नाही. २०११ मध्ये मात्र रस्ता ओलांडताना वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्यावर २०१४ साली मराठी चित्रपट निघाला, तो आपल्यापैकी काहींनी पाहिलाही असेल.

यावरून बिबट्या निरुपद्रवी ठरतो, असे मी मुळीच म्हणत नाही. आपल्या जिल्ह्यात माणसे दगावली आहेत, आणि माणसावर हल्ला करणाऱ्या जनावराचा बंदोबस्त वन विभागाने केलाच पाहिजे. परंतु नुसता दिसला म्हणून पिंजरा मागावयाचा का, याचा ठराव करण्यापूर्वी विचार व्हावा. शेळ्यांना रात्री बंदिस्त गोठा, मेलेल्या जनावरांची व कचऱ्याची विल्हेवाट, अंधारात मुलांना एकटे न सोडणे, आणि बिबट्या सापडल्यास बघ्यांची गर्दी हटविणे, ही कामे पंचायतीच्या आवाक्यातील आहेत. शिवाय विहिरींना कठडे. आपल्या गावी किती विहिरी उघड्या आहेत, तो आकडा सभा संपल्यावर प्रत्येकाने मला कृपया लिहून द्यावा.