शिक्का खरा, माल खोटा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



संगणकावरील हेरगिरी हा तंत्रज्ञांचा विषय. त्याच्याशी आपल्यासारख्या सार्वजनिक कार्यकर्त्यांना काय करावयाचे, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात असणे स्वाभाविक आहे. परंतु गावाच्या पाण्याच्या टाकीत कोणी विष कालवले, तर तो प्रश्न केवळ अभियंत्यांचा राहत नाही. आपल्या संगणकाला आणि खिशातल्या फोनला वेळोवेळी जे ‘अपडेट’ येते, त्याची गोष्ट याहून वेगळी नाही.

अपडेट म्हणजे काय, हे प्रथम पाहू. कोणतीही संगणकप्रणाली निर्दोष नसते. वापरात आल्यानंतर तिच्यातील छिद्रे उघडकीस येतात आणि ती बुजविण्यासाठी कंपनी दुरुस्ती पाठविते. संगणक ती आपणहून मागवून घेतो व स्वतःत बसवितो. दुरुस्ती खरोखर कंपनीकडूनच आली आहे की नाही, हे तो तिच्यावरील गणिती स्वाक्षरीवरून ठरवितो. स्वाक्षरी जुळली की दार उघडते; पुढे चौकशी होत नाही. म्हणजेच जगातील कोट्यवधी यंत्रांची सुरक्षितता एका शिक्क्यावरील विश्वासावर उभी आहे.

या विश्वासाला मोठा तडा गेला तो २०१२ साली. त्या वर्षी २८ मे रोजी मॉस्कोची कॅस्परस्की कंपनी, बुडापेस्टच्या तंत्रविद्यापीठातील क्रायसिस प्रयोगशाळा आणि इराणचे संगणक-सुरक्षा पथक यांनी एका हेरप्रणालीची माहिती जाहीर केली. तिचे नाव ‘फ्लेम’. सर्व भागांसह तिचा आकार सुमारे २० मेगाबाइट, म्हणजे त्या काळच्या अशा प्रणालींच्या मानाने अवाढव्य होता. ती पडद्याची चित्रे टिपत असे, संगणकाचा मायक्रोफोन चालू करून खोलीतील बोलणे ध्वनिमुद्रित करीत असे, आसपासच्या फोनचा ब्लूटूथवरून शोध घेत असे. बाधित यंत्रे सर्वाधिक इराणात सापडली. त्याखेरीज पॅलेस्टाइन, सुदान, सीरिया, लेबनॉन येथेही आढळली. अमेरिका व इस्रायल यांनी ती संयुक्तपणे तयार केल्याचे वृत्त ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने त्याच वर्षी १९ जूनला दिले.

परंतु खरा हादरा बसला तो ३ जूनला, मायक्रोसॉफ्टने तीन प्रमाणपत्रे रद्द केली तेव्हा. एका कचेरीतील एक यंत्र बाधित झाले की ते शेजारच्या यंत्रांपुढे विंडोज अपडेटचे सोंग घेऊन उभे राहत असे आणि त्याने दिलेल्या मालावर मायक्रोसॉफ्टची म्हणून चालणारी स्वाक्षरी असे. ही स्वाक्षरी चोरलेली नव्हती. ती गणिताने बनविलेली होती. दोन भिन्न मजकुरांचा एकच ठसा निघू शकेल असा दोष ‘एमडी-५’ या पद्धतीत आहे, हे चिनी गणिती वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ सालीच दाखविले होते. त्या दोषाच्या आधारे बनावट प्रमाणपत्र कसे तयार करता येते, याचे प्रात्यक्षिक २००८ च्या डिसेंबरात झाले. तरीही कंपनीच्या एका विभागात ही पद्धत चालूच राहिली. हेरखात्याने खोटा शिक्का कोरला हे खरे. पण तो कोरता येईल असा शिक्का वापरात ठेवण्याचा दोष कंपनीचा होता.

आता लोकांनी यावर काय म्हटले ते पाहू. आज तेच विचार आपल्या वस्त्यांतही ऐकू येतात.

पहिला वर्ग म्हणाला, हे इराणचे दुखणे आहे, आपणास काय त्याचे? आमच्याजवळ लपविण्यासारखे आहे तरी काय? दुसरा वर्ग घाबरला. अपडेटमधूनच हेर येत असेल तर अपडेटच बंद करा, असा त्याचा निष्कर्ष. तिसरा वर्ग हताश झाला. फिनलंडच्या एफ-सिक्युअर कंपनीचे मिक्को हिप्पोनेन यांनी त्याच जूनमध्ये जाहीरपणे लिहिले की, फ्लेमचे नमुने २०१० पासून आपल्या कंपनीच्या संग्रहात होते, परंतु ते ओळखण्यात आपण व आपला सारा व्यवसाय अपयशी ठरलो. प्रामाणिक कबुली होती ती. पण ती ऐकून अनेकांनी हात टेकले. बलाढ्य सत्तांपुढे कोणाचे काय चालणार!

या तिन्ही भूमिकांची परीक्षा २०१७ साली दोन महिन्यांत झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला विंडोजमधील एक छिद्र ठाऊक होते. ते बुजवून घेण्याऐवजी तिने ते शस्त्र म्हणून जपून ठेवले. पुढे हे शस्त्र तिच्या हातून निसटले. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये दुरुस्ती पाठविली होती, परंतु ती असंख्य यंत्रांवर बसलीच नव्हती. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ पसरला. त्याचा फटका ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेला बसला. रुग्णांच्या १९ हजारांहून अधिक भेटी रद्द झाल्याचा अंदाज तेथील लेखापरीक्षण कार्यालयाने दिला. ज्यांनी अपडेट घेतले नव्हते, ते बुडाले.

अवघ्या दीड महिन्याने, २७ जूनला, नेमके उलटे घडले. युक्रेनमधील असंख्य व्यवसाय करभरणीसाठी ‘एम. ई. डॉक’ ही प्रणाली वापरीत. तिच्या अपडेटमध्येच ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक घालून दिला गेला. अमेरिका व ब्रिटन यांनी त्यामागे रशियाचे लष्कर असल्याचा ठपका २०१८ साली ठेवला. ज्यांनी अपडेट घेतले, ते या वेळी बुडाले. आणि ही आग युक्रेनपुरती राहिली नाही. मर्स्क या जहाज कंपनीला दहा दिवसांत ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. कीव्हमधील हिशेबाच्या प्रणालीवर घातलेला घाव न्हावा-शेव्याच्या धक्क्यावर उमटला! ‘आपणास काय त्याचे’ म्हणणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर कोणते हवे?

तात्पर्य, अपडेट घ्यावे की न घ्यावे हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. एकेकट्या माणसाने कोणताही मार्ग पत्करला तरी धोका उरतोच, कारण विश्वासाचा झरा वरच्या बाजूस गढूळ केला जात आहे. अर्थात, व्यवहारात अपडेट बंद करणे हा आत्मघातच होय. पेगॅससचे उदाहरण घ्या. ही हेरप्रणाली फोनमधील न बुजलेल्या छिद्रांतून शिरते. असेच एक छिद्र टोरांटोच्या सिटिझन लॅबने शोधले आणि ॲपलने २०२१ च्या सप्टेंबरात ते अपडेटद्वारेच बुजविले. भीतीपोटी अपडेट टाळणारा माणूस हेरांचेच काम सोपे करतो.

अमेरिकेतील खाजगीपणाच्या हक्काचे कार्यकर्ते ख्रिस्तोफर सोघोयान यांनी २०१२ सालीच या प्रकाराची तुलना लसीकरणाशी केली होती. ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी सीआयएने २०११ साली अबोटाबादमध्ये लसीकरण मोहिमेचे सोंग रचले. परिणाम काय झाला? २०१२ मध्ये उत्तर वझिरीस्तानात तालिबानी टोळीप्रमुखाने लसीकरणावर बंदी घातली आणि डिसेंबरमध्ये पोलिओचे डोस पाजणाऱ्या आरोग्यसेविकांचे खून पडले. लसीविषयी आधीच असलेल्या संशयाला त्या सोंगाने पुरावा मिळवून दिला. अमेरिकेतील आरोग्य-शिक्षणसंस्थांच्या प्रमुखांनी निषेध केल्यावर, लसीकरणाचा असा वापर सीआयए यापुढे करणार नाही, असे व्हाइट हाउसला २०१४ साली लिहून द्यावे लागले. सार्वजनिक दबावाने हेरखात्यालाही मर्यादा घालता येते, याचा हा दाखला आहे. हात टेकणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवावा.

आपल्या देशात ही मर्यादा फारच तोकडी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली संगणकीय माहिती हेरण्याचा आदेश गृहसचिव देतात आणि त्याची फेरतपासणी सचिवांचीच समिती करते. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी कोठेच लागत नाही. पेगॅससप्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी समिती नेमली. तिने तपासलेल्या २९ फोनांपैकी ५ फोनांत घातक प्रणाली आढळली, परंतु ती पेगॅससच होती असे सिद्ध झाले नाही. आणि केंद्र सरकारने समितीशी सहकार्य केले नाही, असे न्यायालयात २०२२ च्या ऑगस्टमध्ये सांगण्यात आले. सरकार उत्तर देत नाही तेव्हा नागरिकाच्या हाती संशयच उरतो. आणि संशयग्रस्त नागरिक संघटित होत नाही, तो गप्प बसतो.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. अपडेटचा मार्ग कोणत्याही शासनाने हेरगिरीसाठी किंवा विध्वंसासाठी वापरू नये, अशी बंदी कायद्याने व आंतरराष्ट्रीय कराराने घातली जावी. सरकारी यंत्रणेला सापडलेले छिद्र दडवून न ठेवता बुजवून घेणे तिच्यावर बंधनकारक असावे. पाळतीच्या प्रत्येक आदेशाला न्यायालयाची संमती लागावी. दोष ठाऊक असूनही जुनी पद्धत चालू ठेवणाऱ्या कंपनीला नुकसानभरपाईची जबाबदारी टाळता येऊ नये. आणि एक मागणी विशेष आपली: स्वस्त फोनची अपडेट काही वर्षांतच बंद होतात. नवा फोन घेऊ न शकणाऱ्या कष्टकऱ्याचा फोन उघडाच राहतो. सुरक्षेची दुरुस्ती ही कंपनीची मेहेरबानी नव्हे, ग्राहकाचा हक्क होय. ती किती वर्षे मिळणार हे विक्रीच्या वेळीच बांधून घेतले पाहिजे.

आणि या मागण्या पदरात पडेपर्यंत? आपल्या शाखेतील प्रत्येकाचा फोन अद्ययावत आहे की नाही, हे पाहणे आपले काम आहे. अपडेट फोनच्या सेटिंगमधूनच घ्यावे. निरोपातून आलेल्या दुव्यावरून कधीही घेऊ नये. विश्वास ठेवणाऱ्या सामान्य माणसाला भोळा म्हणून हिणवू नका. आगगाडीत बसताना, नळाचे पाणी पिताना, मुलाला लस टोचून घेताना तो विश्वासच ठेवीत असतो, आणि समाज त्यावरच चालतो. लाजावयाचे असेल तर तो विश्वास शस्त्र म्हणून वापरणाऱ्यांनी लाजावे. त्यांना जाब विचारण्याचे काम मात्र आपले आहे.