थकलेले हृदय आणि घरची शुश्रूषा



मी वैद्य नव्हे. सरकारी फायलींत हयात घालविलेला मनुष्य आहे. परंतु आपल्या अनेक वृद्ध सभासदांची मुले दूरदेशी आहेत आणि ऐंशीच्या यजमानांची शुश्रूषा पंचाहत्तरीच्या गृहिणी करीत आहेत, हे दिसण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही.

हृदयविकाराचा झटका निराळा आणि हृदय दुर्बल होणे निराळे. दुर्बल हृदय बंद पडत नाही. त्याला रक्त पुरेसे पुढे ढकलता येत नाही आणि अंगात पाणी साठू लागते. पाय सुजतात, जिना चढताना दम लागतो, रात्री एका उशीच्या दोन होतात. पुष्कळदा त्याआधीच वजनाचा काटा बोलू लागतो. म्हणून रोज सकाळी, लघवीस जाऊन आल्यावर व न्याहारीपूर्वी, वजन करून वहीत टिपावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.

हे घरोघर जाऊन शिकवावे लागते. अमेरिकेतील सेंट लुईस येथे सत्तर व त्यापुढील वयाच्या २८२ रुग्णांचा अभ्यास झाला. तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. परिचारिकेने ज्यांना पथ्य व औषधे समजावली, ज्यांच्या घरी भेटी दिल्या, दूरध्वनीवर विचारपूस केली, त्यांना या विकारासाठी पुन्हा रुग्णालयात दाखल करण्याचे प्रसंग निम्म्याहून कमी झाले.

आमच्या स्वयंपाकघरांतही शिकवण्याजोगे पुष्कळ आहे. भाजीतले मीठ कमी होते, पण ताटातले लोणचे-पापड हलत नाहीत. सैंधव चालते, हा भ्रमच, तेही मीठच. बाजारातले पोटॅशियमयुक्त मीठ काही औषधांबरोबर घातक ठरते. गुडघ्यांसाठी परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी अंगात पाणी साठते. आणि मंडळाच्या नाटकाला यायचे म्हणून लघवीची गोळी चुकविणारे रसिक या सभागृहातही असतील! डॉक्टरांना विचारून तिची वेळ बदलता येते.

रात्रीसाठी बाई ठेवली म्हणजे शुश्रूषेची सोय झाली, असे आपण मानतो. ती सोबत असते, आणि सोबत हवीच. परंतु सूज दाबून पाहणे, औषधांचा मेळ घालणे हे प्रशिक्षित परिचारिकेचे काम. केरळात कोझिकोडे येथे १९९३ साली सुरू झालेल्या वेदनाशमनाच्या कार्यातून परिचारिका व स्वयंसेवक घरोघर जाऊ लागले. आपल्या गणेशोत्सवाच्या रोषणाईतून थोडी रक्कम काढली, तर आठवड्यातून दोन दिवस एक परिचारिका नेमता येईल. ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल, त्यांनी कार्यवाहांकडे नाव द्यावे. वजनाचा काटा नसेल, तर तेही लिहावे.