लेझर ऑपरेशनमध्ये अचानक सापडलेली गाठ



पुणतांब्याकडचे साठीपुढचे शेतकरी लघवीचा त्रास वर्षानुवर्षं अंगावर काढतात. रात्रीतून चारदा उठतील, पण ‘वय झालं, चालायचंच’ म्हणतील. मग एका रात्री लघवी पूर्ण तुंबते आणि लोणी नाहीतर शिर्डी गाठून नळी घालावी लागते. पुढं वाढलेल्या प्रोस्टेटचं लेझर ऑपरेशन ठरतं. त्यात कधीकधी न ठरलेली गोष्ट समोर येते आणि घरच्यांचा धीर सुटतो, म्हणून आज त्याबद्दल बोलतो.

प्रोस्टेटला हात लावण्याआधी डॉक्टर दुर्बिणीतून लघवीची पिशवी सगळीकडून पाहून घेतात. क्वचित तिथं, बहुधा पिशवीच्या तोंडाशी, देठावर लोंबणारी गुळगुळीत छोटी गाठ दिसते. वाढलेल्या प्रोस्टेटच्या आड ती सोनोग्राफीत निसटू शकते. यातला एक प्रकार म्हणजे इन्व्हर्टेड पॅपिलोमा. ही साधी गाठ, कॅन्सर नव्हे. मात्र नुसतं पाहून तसं छातीठोकपणे कुणी सांगू नये. तुकडा तपासावाच लागतो.

इथं क्रमाला फार महत्त्व आहे. आधी ही गाठ बुडापासून काढून वेगळ्या बाटलीत, फॉर्मॅलिनमध्ये ठेवायची, प्रोस्टेट त्यानंतर. न्यूझीलंडच्या पीटर गिलिंग यांनी १९९०च्या दशकात पुढं आणलेल्या होलेप या लेझर पद्धतीत प्रोस्टेटची वाढ आतून सोलून पिशवीत ढकलतात आणि मशीननं बारीक करून बाहेर ओढतात. त्या चुऱ्यात ही गाठ मिसळली, तर कुठला तुकडा कशाचा हे सांगणं अवघड होतं. लेझरचा इथं एक फायदाही आहे. पिशवीच्या बाजूच्या भिंतीवरची गाठ विजेच्या तारेनं कापताना मांडीची नस चाळवते, पाय झटकन हलतो आणि पिशवीला भोक पडण्याची भीती असते. लेझरमध्ये शरीरातून विजेचा प्रवाह जात नाही, त्यामुळं हा धोका बराच टळतो.

बाहेर बसलेल्या मुलाला मात्र वाटतं, ‘बिल वाढवायला नवीन गाठ काढली.’ उसनवारी करून आलेल्या माणसाला असा संशय येणारच. म्हणून ‘आत दुसरं काही आढळलं, तर काढून तपासायला पाठवू’ हे ऑपरेशनच्या आधी, सही घेताना, साध्या मराठीत समजावून सांगणं ही डॉक्टरांचीच जबाबदारी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मंडळी, खरी गफलत पुढं होते. नळी निघते, धार मोकळी होते, माणूस शेतात जायला लागतो आणि रिपोर्ट दवाखान्यातच पडून राहतो. तसं करू नका. प्रोस्टेटचा एक आणि गाठीचा एक, असे दोन्ही रिपोर्ट मागून घ्या आणि फायलीला लावा. गाठ साधी निघाली तरी डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा दुर्बिणीची तपासणी करून घ्या. आणि बरं झाल्यावर काही महिन्यांनी कधी लघवीतून रक्त दिसलं, दुखत नसलं तरी, त्याच दिवशी दवाखाना गाठा.