लोकर त्यांची, भाव कुणाचा?

(प्रभाग संघाच्या मासिक सभेतील भाषण)



बचतीचा हिशोब झाला, आता थोडं लोकरीविषयी बोलू या.

वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख. पाऊस भरपूर, ओढे वाहते, मेंढरं पुष्कळ. तिथं पूर्वी बायका घरीच लोकर पिंजायच्या, कातायच्या. घरातल्या हातमागावर कापड विणलं जायचं. ज्यांच्याकडे मेंढरं नव्हती अशा गरीब बायका डोंगरात पायी फिरून कुंपणाला, काट्यांना अडकलेली लोकर वेचून आणायच्या. आपण सुगीनंतर सरवा वेचतो ना, तसंच.

मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरळ असतं. ओलं करून कुटलं की ते आकसतं, दाट होतं, थंडीवारा अडवतं. पण हे कुटणं फार कष्टाचं. म्हणून ओढ्याकाठी पाणचक्क्या आल्या. पाण्यानं चाक फिरायचं आणि जड लाकडी हातोडे कापडावर आपटायचे. अशा गिरणीला तिकडे ‘पँडी’ म्हणतात. पुढं एकोणिसाव्या शतकात पिंजण, कताई आणि मागसुद्धा पाण्याच्या जोरावर चालू लागले.

आता मुद्द्याचं सांगते. सतराव्या शतकात या कापडाचा मोठा बाजार होता इंग्लंडच्या हद्दीत, श्रूजबरीला. तिथल्या व्यापाऱ्यांचा खरेदीवर ताबा होता. विणणाऱ्याला दुसरं गिऱ्हाईक कुठलं? मिळेल तो भाव घ्यायचा. नंतर 1914 ते 1918 च्या महायुद्धात सैन्याच्या कपड्यांची मागणी आली. टेइफी खोऱ्यातल्या गिरण्या जोरात चालल्या. युद्ध संपलं, मागणी गेली, अन् पुढच्या काही वर्षांत कितीतरी गिरण्या बंद पडल्या.

काही मात्र टिकल्या. पेम्ब्रोकशायरची ट्रेग्विंट गिरणी 1912 पासून एकाच कुटुंबाकडे होती. आता तिथले माग विजेवर चालतात. 2022 मध्ये त्या कुटुंबानं गिरणी कामगारांच्या मालकीची केली. त्यासाठी विश्वस्त संस्था नेमली. म्हणजे जे विणतात, त्यांचाच मालकीत वाटा.

ताईंनो, आपल्या गटातही कुणी पापड करतं, कुणी गोधडी शिवतं, कुणाच्या घरी मेंढरं आहेत. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं वहीत तीन गोष्टी लिहून आणा: आपल्या मालाचा भाव कोण ठरवतं? गिऱ्हाईक एकच आहे की चार? आणि यंत्र घेतलं तर ते कुणाच्या नावावर राहील? कर्जाचा अर्ज भरायच्या आधी यावर बोलू.