गोडी लागली की नजर तयार होते

(धान उत्पादक शेतकऱ्यांच्या मेळाव्यातील भाषणाचा सारांश)



मेळाव्याला आपण उत्साहाने येता, याचे समाधान आहे. पण हा उत्साह किती टिकतो, ते घरी गेल्यावर बांधीतच कळते.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. (मराठवाड्यातील नांदेड वेगळे.) तेथील दादाजी रामाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ साली पटेल-३ या धानात त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या. अशा लोंब्या आपल्यालाही दिसतात, पण आपण त्या धानाबरोबरच कापतो नि मळतो. दादाजींनी त्या बाजूला ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, रानडुकरांपासून वाचवण्यासाठी भोवती काटेरी फांद्या रोवल्या. असे कित्येक हंगाम चालले. त्यातून बारीक दाण्याचा जो वाण निघाला, त्याला त्या काळच्या नावाजलेल्या घड्याळावरून ‘एचएमटी’ हे नाव पडले.

मला त्यापुढची गोष्ट मोठी वाटते. नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा, डीआरके असे आणखी वाण त्यांनी निवडले. एकदा घडले तर योगायोग म्हणू. पुन्हा पुन्हा घडते तेव्हा माणसाची नजर तयार झालेली असते. ती पदवीबरोबर मिळतेच असे नाही, हे मी विद्यापीठातला माणूस असूनही सांगतो!

कडू गोष्टही सांगितली पाहिजे. २००५ साली त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. वाण दूरवर पसरला, पण ३ जून २०१८ रोजी दादाजी वारले ते ओढगस्तीतच. तेव्हा आपला वाण निघाला तर पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ खाली त्याची नोंदणी करा. शेतकऱ्यांना त्यासाठी शुल्क पडत नाही.

धानात परागीभवन बहुतेक त्याच फुलात होते, म्हणून निवडलेल्या लोंबीचे गुण पुढे बऱ्यापैकी टिकतात. तुरीत तसे नाही. यंदा लोंब्या पिवळ्या पडू लागल्या की दोरा घेऊन बांधीत फिरा. निराळे झाड दिसले की दोरा बांधा, काय निराळे ते वहीत लिहा, कापणी वेगळी करा. पुढच्या वर्षी ते बी नेहमीच्या वाणाशेजारी लावून पाहा. एका वर्षात निकाल देऊ नका. बांधाकडेला मोकळी जागा मिळाली तरी झाड जोमदार दिसते.